धृतराष्ट्राला झोप लागत नाही



आजचं वाचन: महाभारत, उद्योगपर्व, अध्याय ३३, म्हणजे प्रजागरपर्वाची सुरुवात. जोडीला गीतेच्या सहाव्या अध्यायातले १६, १७ आणि २६ हे श्लोक काढून ठेवा, शेवटी लागतील.

आज नेहमीपेक्षा मोठं होणार आहे, आधीच सांगतो. विषय आहे रात्री मध्येच जाग येण्याचा आणि मग काही केल्या डोळा न लागण्याचा. गेल्या हिवाळ्यात जवळपास तीन महिने मला रोज तीनच्या सुमाराला जाग यायची आणि पाच-साडेपाचपर्यंत मी छताकडे बघत पडलेला असायचो. सुरुवातीला झोप लागायला काहीच त्रास नव्हता. साडेअकराला पाठ टेकली की दहा मिनिटांत गाढ. पण तीनला कुणीतरी खांदा हलवल्यासारखे डोळे उघडायचे, आणि उघडायचे ते टक्क.

'प्रजागर' या शब्दाचा अर्थच जागरण, झोप न येणं. विदुरनीती आपण सगळ्यांनी फॉरवर्डमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाचलेली असते. पंडित कोणाला म्हणावं, मूर्ख कोणाला, मित्र कसा असावा. पण ती कोणाला आणि कधी सांगितली हे फॉरवर्डमध्ये नसतं. ती झोप न येणाऱ्या माणसाला, एका रात्रीत सांगितलेली आहे. आठ अध्यायांचा तो अख्खा उपदेश अंथरुणावर तळमळणाऱ्या एका म्हाताऱ्या राजासाठी आहे.

प्रसंग असा. युद्ध अजून ठरलेलं नाही. धृतराष्ट्राने संजयाला पांडवांकडे बोलणी करायला पाठवलेलं असतं. संजय परत येतो, राजाला भेटतो, तुमचं वागणं चुकतंय असं तोंडावर सुनावतो आणि म्हणतो की रथाच्या प्रवासाने मी दमलोय, युधिष्ठिराचा निरोप उद्या सकाळी सभेत सगळ्यांसमोर सांगेन. एवढं बोलून तो झोपायला निघून जातो.

झालं! रात्री दहा वाजता मॅनेजरचा 'उद्या सकाळी जरा बोलायचंय' एवढाच मेसेज ज्याला कधी आला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. धृतराष्ट्र द्वारपालाला पाठवून विदुराला बोलावून घेतो. सांगतो, संजय आला, मला बोल लावून गेला, निरोप काय आहे ते कळलंच नाही. ते न कळलेलंच माझं अंग जाळतंय, त्यानेच झोप उडवलीय.

विदुर काय म्हणतो बघा. 'काही होत नाही महाराज, पडून राहा' असं तो म्हणत नाही. डोळे मिटून देवाचं नाव घ्या, असंही म्हणत नाही. तो सरळ यादी देतो, कुणाकुणाची झोप उडते त्यांची. बलवानाशी वैर पडलेला दुर्बल, हाती साधन न उरलेला, सर्वस्व गमावलेला, कामवासनेने पछाडलेला, आणि चोर. (ही माणसं चार की पाच यावर भाषांतरं वेगवेगळी आहेत. 'दुर्बल' आणि 'साधनहीन' एकच धरायचा की दोन, एवढाच फरक.) आणि लगेच विचारतो, महाराज, यातला एखादा दोष तुम्हाला तर शिवला नाही ना? दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरून तर तुम्ही होरपळत नाही ना?

इथे मी बराच वेळ थांबलो होतो, तुम्हीही थांबा. यादीतले पहिले तिघं बिचारे आहेत, त्यांच्यावर काहीतरी कोसळलंय. शेवटचे दोघं तसे नाहीत. तरीही विदुराने सगळ्यांना एकाच ओळीत बसवलंय, कारण रात्री तीन वाजता आतून सगळ्यांना सारखंच वाटतं. छाती भरलेली, घसा कोरडा, डोकं गरगरतंय. चोरालाही त्या वेळी आपण बिचारेच वाटतो. धृतराष्ट्राची समजूत आहे की आपण पहिल्या प्रकारात बसतो: समोर भीम-अर्जुनासारखे पुतणे, आणि आपण आंधळे, म्हातारे. विदुर हात जोडून, अदबीने, त्याचं बोट यादीतल्या शेवटच्या शब्दावर नेऊन ठेवतो.

आता माझं सांगतो.

डिसेंबरमध्ये आमच्या टीमचा एक रिलीज होता. त्यात डेटाबेसवर चालवायची एक स्क्रिप्ट होती, आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने लिहिलेली. जळगावकडचा, वर्षभरापूर्वी कॉलेजातून आलेला पोरगा. मला 'दादा' म्हणतो. स्क्रिप्टचा रिव्ह्यू माझ्याकडे होता. मी घाईत होतो, लग्नाला सातारला निघायचं होतं, बायको खाली गाडीत बसली होती. वर-खाली स्क्रोल केलं आणि अप्रूव्ह करून टाकलं. जेमतेम दोन मिनिटं.

त्या स्क्रिप्टमध्ये एका मोठ्या, चालू टेबलवर इंडेक्स तयार होत होता. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांना माहीत आहे, तिथे एक शब्द घालावा लागतो, नाहीतर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवर नवीन काही लिहिताच येत नाही. तो शब्द राहिला होता. नव्या मुलाच्या हातून राहू शकतो. माझ्या नजरेतून राहायला नको होता, कारण रिव्ह्यू असतो तो नेमका त्यासाठीच. रात्री पावणेतीनला अलर्ट वाजले आणि पुढची पन्नास मिनिटं ऑर्डर्स अडकून पडल्या.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. विचारलं गेलं, हे कोणी लिहिलं? तो म्हणाला, "मी." रिव्ह्यू कोणी केला, हे कोणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. मीटिंगनंतर कॉफी मशिनपाशी तो मला म्हणाला, "सॉरी दादा, माझ्यामुळे तुमची पण रात्र गेली." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "होतं रे असं."

जानेवारीत अप्रेझलच्या चर्चा सुरू झाल्या आणि त्याच्या नावापुढे 'काळजीपूर्वक काम करण्याची गरज' असं काहीतरी लागलं. मला रोज तीनला जाग यायला लागली ती साधारण तेव्हापासून. पण ही जोडणी मी तेव्हा केली नव्हती बरं का. तेव्हा माझ्याकडे याहून छान छान स्पष्टीकरणं होती.

पहिलं म्हणजे अलर्टची सवय. त्या रात्री पावणेतीनला उठलो होतो, शरीराला ती वेळ लागली असेल. दुसरं जास्त गोड होतं. मला वाटायला लागलं की हा विठोबाचा बुलावा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठवतोय तो मला! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६९वा श्लोक आहे, सगळ्या जीवांची जी रात्र असते तिच्यात संयमी माणूस जागा असतो अशा अर्थाचा. तो मी स्वतःला लावून घेतला. आता खरं तर मला हिशोब करता यायला हवा होता. मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या आसपास. तीन वाजून दहा मिनिटांनी कसला डोंबलाचा ब्राह्ममुहूर्त! साध्या वजाबाकीचं काम होतं, पण ते स्पष्टीकरण मला हवंहवंसं होतं.

मग जप सुरू केला. कुशीवर पडून, मनातल्या मनात. हेतू एकच, झोप यावी. आणि इथे जे झालं ते तुमच्यापैकी अनेकांचं होत असणार म्हणून सविस्तर लिहितो. मी दहा-बारा वेळा नाम घ्यायचो आणि मन आत डोकावून बघायचं, आली का झोप? नाही. परत दहा वेळा. आली का आता? आपल्या भाषेत सांगायचं तर मी पोलिंग करत होतो. दर काही सेकंदांनी सिस्टिमला विचारायचं, 'स्लीप मोडमध्ये गेलीस का?' आणि विचारलं की सिस्टिम जागी होणारच ना! नाम त्यात नुसतं निमित्ताला होतं. आठवड्याभरात मला नामाचाच राग यायला लागला, की एवढं घेऊनही उपयोग होत नाही. झोपेच्या गोळीवर रागवावं तसा.

मला माझी आजी आठवायची. ती गावाकडे रात्री उठून पडवीत बसलेली असायची, घोंगडी पांघरून, हातात माळ. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आजी, झोप येत न्हाय का गं?" ती म्हणाली होती, "आलीया तवा आलीया. तू जा, नीज." ती झोप यावी म्हणून नाम घेत नव्हती. जागी होती म्हणून घेत होती. हा फरक मला पस्तिशीला येऊन कळला.

बरं, मग प्रजागरपर्व कसं वाचलं? काही दैवी योग वगैरे नव्हता. इथल्या वाचनाच्या क्रमात उद्योगपर्व लागलं होतं आणि एका रात्री हॉलमध्ये बसून मी दुसऱ्या दिवसाचं चिंतन लिहायला घेतलं. विदुराच्या यादीवर मी अगदी चुरचुरीत लिहायला लागलो होतो. कामी म्हणजे आजच्या काळात रात्री रील्स बघणारे, सर्वस्व गेलेले म्हणजे शेअर बाजारवाले, असं सगळं. 'चोर' या शब्दाशी आलो आणि पुढे एक ओळ सुचेना. कॉफी मशीन आठवलं. "सॉरी दादा."

मी त्याचे पैसे चोरले नव्हते. पण त्या मीटिंगमध्ये दोघांच्या वाट्याची चूक होती आणि माझा वाटा मी त्याच्या खिशात ठेवून आलो होतो.

त्या रात्री मी ठरवलं की सकाळी मॅनेजरला सांगायचं. ठरवल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की साडेचारला झोपसुद्धा लागली. आणि सकाळी? सकाळी ऑफिसला गेलो, मॅनेजर समोर आला, "काय रे, डेमोची तयारी झाली का?" म्हणाला, आणि मी म्हणालो, "होतेय."

हाही प्रसंग विदुरनीतीत आहे. शेवटाकडे धृतराष्ट्र कबूल करतो की विदुरा, तू म्हणतोस ते बरोबर आहे, माझंही मन पांडवांकडे झुकतं, पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरतं. मी आधी हे वाचताना धृतराष्ट्राला हसलो होतो. एवढा मोठा उपदेश ऐकून शेवटी हेच? आता हसू येत नाही. रात्रभर ज्ञान ऐकलेला माणूस सकाळी सभेत जाऊन तसाच बसतो, कारण सकाळी दुर्योधन भेटतोच. माझा दुर्योधन म्हणजे माझं स्वतःचं रेटिंग होतं. त्या वर्षी मला बढती मिळायची होती. असे मी नऊ दिवस काढले. नऊ वेळा रात्री ठरवलं आणि नऊ वेळा सकाळी फिरलो.

त्या नऊ दिवसांत अजून एक रात्र अशी आली की महाभारतातली दुसरी झोप न येणारी रात्र समजली. मला मॅनेजरचाच संताप आला. त्याने 'लिहिलं कोणी' एवढंच का विचारलं? 'रिव्ह्यू कोणी केला' हे विचारणं त्याचं काम नव्हतं? सगळी सिस्टिमच सडकी आहे, वगैरे. साडेतीनला उठून मी लॅपटॉप उघडला आणि त्याला, त्याच्या वरच्याला आणि एचआरला असं तिघांना एक लांबलचक मेल लिहिलं. राजीनाम्याची धमकी धरून. बोट सेंडवर होतं. बायको पाणी प्यायला उठली, मला बघितलं आणि म्हणाली, "अरे, आत्ता काय करतोयस? सकाळी कर ना." मी ड्राफ्टमध्ये ठेवलं. सकाळी वाचून मलाच कानकोंडं झालं. त्या आठ परिच्छेदांत 'रिव्ह्यू मी केला होता' हे वाक्य कुठेही नव्हतं.

सौप्तिकपर्व उघडा. युद्ध संपलंय, दुर्योधन मरणपंथाला लागलाय. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रानात एका वडाखाली थांबलेत. ते दोघं झोपी जातात. अश्वत्थाम्याला रागाने झोप नाही. तो वर बघत असतो आणि त्याला दिसतं की एक घुबड येऊन झाडावर झोपलेल्या कावळ्यांना मारतंय. त्याच क्षणी त्याला सुचतं, आपणही शत्रूला झोपेत मारू. तो दोघांना उठवतो. कृपाचार्य, त्याचा मामा, त्याला समजावतात की आज रात्री विश्रांती घे, झोप, सकाळी बघू. आणि अश्वत्थामा म्हणतो, दुःखाने आणि रागाने पेटलेल्या माणसाला कसली झोप? पुढे त्या छावणीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

या दोन रात्रींत मला एक फरक दिसतो. धृतराष्ट्राने रात्री कोणाला तरी बोलावलं आणि ऐकून घेतलं. सकाळी कच खाल्ली ही गोष्ट वेगळी. अश्वत्थाम्यालाही सांगणारा होता, पण त्याने अंधारात सुचलेलं अंधारातच अमलात आणलं. रात्री तीनला येणारा प्रश्न खरा असू शकतो. त्याच वेळी सुचलेल्या उत्तराचा मात्र भरवसा धरू नये. प्रश्न कागदावर लिहून ठेवा, उत्तर उजेडात शोधा. आणि सेंड तर अजिबात दाबू नका, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवरचं सुद्धा.

दहाव्या दिवशी मी सांगितलं. फार काही नाट्य झालं नाही. मॅनेजरने ऐकून घेतलं, दोन क्षण गप्प बसला, म्हणाला की त्याचं रेटिंग आता वर गेलंय, बदलता येणार नाही, पण त्या घटनेच्या रिपोर्टमध्ये रिव्ह्यूचा मुद्दा घालू. तो घातला गेला, माझ्या नावासकट. मग मी त्या पोराला खाली टपरीवर घेऊन गेलो आणि त्यालाही सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा 'जाऊ द्या दादा' म्हणेल. तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "माहीत होतं मला. रिव्ह्यूला तुमचं नाव दिसतंच ना तिथे."

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॉफी मशिनपाशी 'सॉरी दादा' म्हणाला तेव्हाही. यावर मला अजून काही लिहिता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकलं, मग त्या रात्री शांत झोप लागली असेल. तर नाही. त्या रात्री तीन वाजून पाच मिनिटांनी जाग आली. दुसऱ्या रात्रीही. मी वैतागलो, देवा, आता तर मोकळं केलं ना सगळं, आता काय राहिलं? राहिलं होतं ते शरीर. तीन महिने रोज ज्याची सवय लावली ते शरीर एका कबुलीजबाबाने सुधारत नाही. इथे विदुराचं काम संपलं आणि गीतेचा सहावा अध्याय कामाला आला.

सोळावा आणि सतरावा श्लोक बघा. योग अति खाणाऱ्याचा नाही आणि अजिबात न खाणाऱ्याचाही नाही, अति झोपणाऱ्याचा नाही आणि सतत जागणाऱ्याचाही नाही. पुढच्या एकाच श्लोकात 'युक्त' हा शब्द तीनदा येतो: आहार-विहार, कर्म आणि झोप-जाग यांसाठी. ज्ञानेश्वर माऊलींनीही यावर लिहिताना झोपेला तिची वेळ द्यायला सांगितलंय. म्हणजे झोप हा साधनेतला अडथळा नाही, तिचा भाग आहे. 'संत कुठे झोपायचे' म्हणून चार तास झोपून मिरवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे दोन श्लोक भिंतीवर लावावेत. अर्जुनाला गीतेत चार वेळा 'गुडाकेश' म्हटलंय, परंपरेने त्याचा अर्थ झोप जिंकलेला असा करतात. पण दुसऱ्या अध्यायात 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो तो अर्जुन त्या श्लोकात गुडाकेशच आहे. झोप जिंकली म्हणून शोक जिंकला असं होत नाही.

शरीराचं थोडं सांगतो. आपण रात्रभर एकसलग झोपतच नाही. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं असतात, त्यांच्यामध्ये सगळ्यांनाच छोट्या जागा येतात आणि सकाळी आठवतही नाहीत. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात उरकते, नंतरची झोप हलकी आणि स्वप्नांची. त्यात पहाटेकडे कॉर्टिसॉल वाढायला लागतं. म्हणून तीनला जाग येणं हा बिघाड नाही. ती जाग पकडून ठेवणं, घड्याळ बघणं, 'आता साडेतीनच तास उरले' हा हिशोब करणं, याने ती छोटी जाग मोठी होते. आणि रोज तसं केलं की मेंदूला अंथरूण म्हणजे जागायची जागा असं वाटायला लागतं.

यावरचा उपाय जुना आहे. रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडला. झोप येत नसेल तर अंथरुणात पडून झगडू नका. अंदाजे वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठा, दुसऱ्या खोलीत जा, मंद दिव्यात काहीतरी शांत करा, डोळे जड झाले की परत या. परत नाही आली तर परत उठा. सकाळी मात्र ठरल्या वेळेला उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. निद्रानाशासाठी जी सीबीटी वापरतात त्यात हा भाग असतो, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली गोळ्यांच्या आधी ही उपचारपद्धती वापरावी अशी शिफारस केली.

मी केलं ते एवढंच. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बेडरूममधलं घड्याळ काढलं. संध्याकाळची कॉफी बंद केली, कारण सहाला घेतलेल्या कॉफीतलं साधारण अर्धं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. जाग आली की थोडा वेळ पडून राहायचं, नाहीच तर उठून बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसायचं, शाल घेऊन, माळ घेऊन. आणि तिथे 'झोप आली का' हा प्रश्न विचारायचा नाही.

तो प्रश्न येतोच, अर्थात. तिथे सव्विसावा श्लोक. चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं, असं भगवंत सांगतात. किती वेळा आणायचं याची मर्यादा दिलेली नाही. मन पळालं म्हणून त्याला रागवायचं असंही सांगितलेलं नाही. फक्त परत आणायचं. पहिले काही दिवस मी नामापेक्षा परत आणण्याचंच काम जास्त केलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्यात याबाबत फार गोंधळ आहे. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिने हे चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा त्या वेळी जगणंच नको वाटतं असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. शेवटच्या बाबतीत सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री घरातल्या कोणाला तरी उठवा. धृतराष्ट्राने विदुराला उठवलंच की. आणि नाम घेतोय म्हणून डॉक्टरकडे जायला नको, असं कोणत्याच संताने सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. तसंच, तुमच्या जागण्यामागे माझ्यासारखं काही लपवलेलं असेलच असं मुळीच नाही. विदुराच्या यादीत बिचारेही आहेत हे विसरू नका. ज्याची नोकरी गेलीय, ज्याचे वडील आयसीयूत आहेत, त्याने 'मी काय पाप केलं' म्हणून शोधत बसू नये. त्याने पडवीत बसावं, आजीसारखं.

मार्च संपता संपता जागा कमी झाल्या. आठवड्यातून दोनदा, मग एकदा. बढती मिळाली नाही. त्या पोराने मे महिन्यात दुसरीकडे नोकरी धरली, जाताना पेढे दिले आणि वाकून नमस्कार करायला लागला. मी मध्येच धरला त्याला.

काल रात्री पुन्हा जाग आली होती. किती वाजले होते माहीत नाही. खुर्चीत जाऊन बसलो. खाली सोसायटीचा वॉचमन काठी आपटत एक फेरी मारून गेला, पाण्याची मोटर सुरू झाली, बंद झाली. माळ कितीदा फिरली ते मोजलं नाही.

उद्याचं वाचन: उद्योगपर्वातच पुढे, सनत्सुजातीय. तीच रात्र आहे. विदुराचं बोलून झालंय, धृतराष्ट्र अजून जागाच आहे, आणि विदुर त्याच्यासाठी आणखी एकाला बोलावतो.

राम कृष्ण हरी.